मेळाव्यात नाइटांचा खेळ चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीतल्या आपल्या गेमिंग मेळाव्यात पहिल्यांदाच नाइटांच्या खेळाचं टेबल घेणाऱ्या जीएम मंडळींसाठी हे पान आहे. नाइट म्हणजे धन्याला शपथेने बांधलेला मध्ययुगीन युरोपातला स्वार. जीएम म्हणजे गेम मास्टर, टेबलावर गोष्ट चालवणारा; बाकीचे खेळाडू त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. राक्षस मारायचे खेळ बहुतेकांनी चालवलेले असतात. शपथ, दरबार आणि पाहुणचार आले की हात अडखळतो. प्रश्न तिथलेच जास्त येतात, म्हणून उत्तरंही तिथेच लांबली आहेत.

नाइटांचा खेळ म्हणजे नेमका कोणता?

आपल्याकडे बहुतेक टेबलांवर पेंड्रॅगन असतो. ग्रेग स्टॅफर्ड यांनी रचलेला हा खेळ 1985 साली केऑसियमने काढला. दंतकथेतल्या राजा आर्थरचा ब्रिटन, सगळे खेळाडू नाइट, जादू खेळाडूंच्या हातात जवळजवळ नाहीच. दुसरी कुठली नियमावली आवडत असेल तर तीही चालेल. खाली लिहिलेलं बरंचसं कुठेही लागू पडतं.

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, राक्षस मारायचा खेळ) चालवता येतं. मग इथे नवीन काय शिकायचं?

फासे शिकायला दहा मिनिटं पुरतात. वीस बाजूंचा एक फासा, कौशल्याच्या आकड्याइतका किंवा त्याच्या खाली पडला की जमलं. बरोबर तोच आकडा पडला की क्रिटिकल, म्हणजे सगळ्यात जबर यश. दोघं भिडले तर दोघंही टाकतात आणि ज्यांचं जमलं त्यांतला मोठा आकडा जिंकतो. तलवार 15 असलेला नाइट शंभरात पंच्याहत्तर वेळा वार साधतो. संपलं.

वेळ द्यायचा तो स्वभावाला. प्रत्येक पात्राच्या कार्डावर स्वभावाच्या 13 जोड्या असतात: दयाळू आणि क्रूर, सत्यवचनी आणि कपटी, क्षमाशील आणि सूडबुद्धी, नम्र आणि गर्विष्ठ, सावध आणि उतावळा, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज 20. दया 13 तर क्रौर्य 7. एखादा आकडा 16 किंवा त्याच्या वर असेल तर तो नाइट त्या गुणासाठी नावाजलेला असतो, आणि कसोटीची वेळ आली की फासा टाकावाच लागतो, खेळाडूला नको असलं तरी. फासा फसला तर विरुद्ध गुणावर टाकायचा. तोही फसला तर खेळाडू मोकळा.

नव्या माणसाला हे ऐकून राग येतो. "माझं पात्र काय करणार ते फासा ठरवणार?" असं विचारतात. तेव्हा वाद घालू नका, एक प्रसंग खेळून दाखवा. मागे एका टेबलावर सत्यवचनी 16 असलेला, एका अर्लच्या (म्हणजे सरदाराच्या) पदरचा नाइट होता. किल्ल्याच्या मालकिणीने जेवताना सहज विचारलं, "इकडे कुठल्या कामानं आलात?" खेळाडूला थाप मारायची होती. जीएमने फासा पुढे सरकवला. पडले 18, म्हणजे सत्य फसलं. मग कपटी 4 वर टाकला, 11. तेही फसलं. आता निर्णय त्याचा. मघापर्यंत थाप तयार असलेला तो माणूस कार्ड उलटं ठेवून गप्प बसला. मग म्हणाला, "काम आमच्या अर्लचं आहे, बाईसाहेब. याहून जास्त विचारू नका." फासा नसता तर तो थाप मारून पुढे गेला असता आणि कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

चार तासांत किती बसतं?

एक पेच. दोन नाही.

छापील साहसात तीन लढाया, एक शर्यत, एक मेजवानी आणि एक राक्षस असतो. ते घरच्या टेबलासाठी, जिथे पुढच्या शनिवारी उरलेलं खेळता येतं. मेळाव्यात चार अनोळखी माणसं बसतात आणि बरोबर चार तासांनी उठतात. नाइटांच्या खेळात खरी गंमत येते ती दोन दिलेले शब्द एकमेकांच्या आड आले की. तो क्षण दुसऱ्या तासाच्या शेवटी यायला हवा. तोवर खेळाडूंनी दोन्ही शब्द स्वतःच्या तोंडाने दिलेले असायला हवेत. जीएमने प्रस्तावनेत "तुम्ही शपथ घेतली आहे" असं वाचून दाखवलं तर ती कुणालाच लागत नाही. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकाला अर्लपुढे उभं करा आणि शपथ त्याच्याच शब्दांत बोलायला लावा. लाजतात, हसतात, तरी बोलतात.

तयार आख्यान आहे का? पहिल्याच खेपेला स्वतःचं लिहायची हिंमत नाही.

आहे. आम्ही त्याला भरतीचा किल्ला म्हणतो.

अर्लचा एक नाइट हुकूम मोडून पळाला आहे. हुकूम होता गावाचं धान्याचं कोठार जाळण्याचा. खेळाडूंनी त्याला पकडून आणायचं, जिवंत किंवा मेलेला. माग काढत ते संध्याकाळच्या ओहोटीला समुद्रातल्या एका किल्ल्यावर पोचतात. मागे पाणी चढतं, वाट बंद होते. किल्ल्याची म्हातारी मालकीण दारात भाकर आणि मीठ देते, तलवारी दाराशी टांगायला सांगते, आणि पाहुणे म्हणून आत घेते. पंगतीच्या दुसऱ्या टोकाला तो फरारी बसलेला असतो. तोही पाहुणाच. पहाटे ओहोटी लागली की किनाऱ्यावर थांबलेली अर्लची बाकी माणसं चालत येणार आणि त्यांनी कुणाचंही मीठ खाल्लेलं नाही.

एवढंच लिहिलेलं आहे. पुढचं टेबलावर ठरतं. दशावतार पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको: आख्यान कुठलं ते ठरलेलं असतं, राजा कोण, राक्षस कोण ते ठरलेलं असतं, पण संवाद लिहून कुणी देत नाही. नट रंगमंचावर येतो आणि समोरच्याचं ऐकून बोलतो. जीएमने तेवढंच करायचं. संवादांची पानं लिहून आणू नका, वाचायला वेळच मिळत नाही.

भरती-ओहोटीचं गणित नीट जमवायला हवं का?

मुंबई-पुण्याच्या टेबलावर नसलं तरी चालेल. इथे हवंच. मिरकरवाडा या मासेमारी बंदरावरचा एखादा खेळाडू असला तर पहिला प्रश्न येतो, "तिथी कुठली?" उत्तर तयार ठेवा: पौर्णिमा. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. संध्याकाळी चालत आलेले नाइट मध्यरात्री पुरते अडकलेले आणि पहाटे वाट उघडी, सगळं जुळतं. शिवाय उधाणाला पाणी मागेही लांब जातं. अष्टमीचं भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, घेतलंत तर पाणी पुरेसं उतरेलच असं नाही आणि तुमचा शेवट चिखलात रुतेल.

असा किल्ला खरोखर आहे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा सेंट मायकल्स माउंट, ओहोटीला दगडी वाटेने चालत जाता येतं. तिथल्या भरतीच्या वेळा आपल्याहून वेगळ्या असतात, पण त्यावरून अजून कुणी भांडलेलं नाही. खेळाडूंना चित्र दाखवायची गरज नाही. "अलिबागचा कुलाबा बघितलाय ना?" एवढं म्हटलं की पुरतं.

टेबलाच्या कडेला कागदाची एक पट्टी ठेवा, तिच्यावर सहा खुणा. दर अर्ध्या तासाने त्यावरचा मणी एक खूण पुढे. काही बोलू नका. खेळाडू स्वतःच त्याच्याकडे बघायला लागतात.

लढाई किती ठेवायची?

एक, आणि तीही टाळता येईल अशी. कारण हिशेबात आहे. साध्या नाइटाच्या वाराला सहा बाजूंचे चार फासे, सरासरी 14. साखळीचं चिलखत 10 शोषतं. म्हणजे नेहमीचा वार चारेक अंगावर येतो, ते सोसतं. क्रिटिकल पडला की आठ फासे, सरासरी 28. त्यातून 10 वजा केले तरी नाइट आडवा. पंचवीस-तीस वेळा फासा पडला की एखादा क्रिटिकल येतोच. दुसऱ्या तासाला एखाद्याचा नाइट मेला तर तो माणूस उरलेला वेळ मोबाइल बघत बसतो.

मग हरणाऱ्याने मरायलाच हवं का?

नाही. शरण जाणं हा या खेळाचा खानदानी मार्ग आहे आणि नवे जीएम तो विसरतात. शरण आलेल्या नाइटाला मारणं ही नाचक्की. त्याला पकडायचं, खंडणी घ्यायची, तोवर घरात पाहुण्यासारखं ठेवायचं. विल्यम मार्शल, ज्याचा मृत्यू 1219 साली झाला, त्याने टूर्नामेंटांत पकडलेल्या नाइटांच्या खंडणीवर आणि घोड्यांवरच आपलं नशीब काढलं, आणि शेवटी इंग्लंडचा कारभार बघणारा माणूस झाला. खेळाच्या सुरुवातीलाच एखाद्या किरकोळ पात्राला खेळाडूंसमोर शरण यायला लावा. मग खेळाडूंना ते आठवतं.

दोन खेळाडू एकमेकांवरच तलवार उपसतात. थांबवू?

भरतीच्या किल्ल्यात हे हमखास होतं. एक म्हणतो मीठ खाल्लं, दुसरा म्हणतो शपथ आधीची. थांबवू नका, पण खेळ क्षणभर बाजूला ठेवून दोघांना त्यांच्या खऱ्या नावाने विचारा, "चालेल ना?" दोघांची मान हलली तर होऊ द्या. पहिल्या रक्ताला थांबायचं, हे आधी ठरवा. एकाची मान हलली नाही तर मालकीण मध्ये येते. तिच्या घरात तिचा शब्द चालतो.

निष्ठा, प्रेम, द्वेष यांचे नियम वापरायचे का?

निष्ठा आणि पाहुणचार वापरा, खेळाचा जीव त्यात आहे. बाकी हात राखून. या भावनांवर फासा टाकून नाइट पेटून उठू शकतो, पण फंबल (फाशाचा सगळ्यात वाईट निकाल) झाला तर त्याला वेड लागतं आणि तो रानात निघून जातो. घरच्या मोहिमेत हे फार सुंदर लागतं, दोन वर्षांनी तो दाढी वाढलेला परत येतो. मेळाव्यात त्या खेळाडूला तुम्ही रत्नागिरीपर्यंत बोलावून घेऊन खुर्चीवरून उठवताय. झालंच तर त्याला लगेच दुसरं पात्र द्या, फरारी नाइटच द्या.

द्वेषाबद्दल माझं मत पक्कं आहे. नियमावलीत सॅक्सनांचा द्वेष नाइटाच्या कार्डावर येतो. सार्वजनिक टेबलावर एका अख्ख्या जमातीचा द्वेष मी कुणाच्या हातात देत नाही. पाच मिनिटांत सॅक्सन बाजूला पडतात आणि इथल्याच कुणावर तरी शेरे सुरू होतात. द्वेष हवाच असेल तर एका माणसाचा द्या, कारणासकट.

प्रेमाचे प्रसंग पडद्याआड. अनोळखी माणसासमोर बसून शृंगार खेळायला कुणालाही सांगू नका. टेबलाच्या मध्ये फुलीचं एक कार्ड ठेवा. कुणी त्याला हात लावला की प्रसंग बदलायचा, कारण विचारायचं नाही.

पात्रं खेळाडूंनी बनवायची की तयार द्यायची?

तयार. पात्र बनवण्यात तास जातो.

कार्डावर 13 जोड्या छापू नका, या आख्यानाला लागतात तेवढ्या पाच-सहा ठेवा: सत्यवचनी, दयाळू, न्यायी, सावध, नम्र, आणि हवी तर संशयी. प्रत्येक नाइटाला एक गुण 16 चा द्या आणि कुणा दोघांचा एकच देऊ नका. चारांपैकी एकाची अर्लवरची निष्ठा जबर, एकाची पाहुणचाराची ओढ जबर, एक त्या फरारी नाइटाचा लहानपणचा सोबती. चौथा नवखा, कालच नाइट झालेला. हे कार्ड सगळ्यात बुजऱ्या खेळाडूला द्या, कारण काहीही माहीत नसणं त्याच्या पात्राला शोभतं.

नावं तोंडात बसतील अशी. वेल्श नावं कागदावर झकास दिसतात, पण तिसऱ्या वाक्याला सगळे "तो लाल ढालवाला" म्हणायला लागतात. मग ढालच द्या: कार्डाच्या वर रंगीत ढाल काढा, तिच्यावर एक प्राणी.

किती खेळाडू?

चार. पाचवा हट्टाला पेटला तर पाच. सहावा आला तर दुसऱ्या टेबलावर पाठवा, कितीही जवळचा असला तरी.

आर्थरबद्दल काहीच माहीत नसलेले खेळाडू येतील. किती सांगायचं?

तीन वाक्यं. तुम्ही नाइट आहात. तुम्हाला घोडा, जमीन आणि तलवार अर्लने दिली. दिलेला शब्द मोडला तर तुमच्याबरोबर कुणी जेवायला बसणार नाही. झालं. गोलमेज आणि जादूगार मर्लिन विचारले तर सांगा, नाहीतर नको. बाहेरगावच्या मंडळींना मधल्या वेळात थिबा पॅलेस दाखवून आणा. 1885 साली गादी गेलेला ब्रह्मदेशाचा राजा 1916 मध्ये मरेपर्यंत याच शहरात नजरकैदेत होता. पडलेल्या धन्याबरोबर राहायचं की नाही, यावर परतीच्या रिक्षातच चर्चा सुरू होते.

खेळ मराठीत चालतो का? नियमावली तर इंग्रजीत आहे.

उत्तम चालतो. फासा, क्रिटिकल, फंबल हे शब्द तसेच राहू द्या. बोलणं मराठीत. दरबारी भाषा ओढूनताणून आणायची गरज नाही, "अर्लसाहेब" आणि "बाईसाहेब" पुरतात. खेळाडू मालवणीवर आला तर अजिबात अडवू नका. नाटकी मराठीत अर्धा तास अडखळणारा सावंतवाडीचा एक मुलगा शेवटी अर्लला म्हणाला, "तुमचां मीठ खाल्लंय, पण ह्यां माझ्याच्यान होवचां नाय." त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं.

मुली नाइट होऊ शकतात?

हो. कुणी इतिहास काढलाच तर त्याला विचारा, दशावतारातली राणी कोण करतं?

एकच खेळाडू सगळं बोलतो. बाकीचे ऐकत बसतात.

पंगतीचा उपयोग करा. मालकीण यजमान आहे, ती प्रत्येक पाहुण्याजवळ जाते, वाढते आणि एक प्रश्न विचारते. ज्याला विचारलं त्यानेच उत्तर द्यायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घातलं तर ती नुसती बघते. यजमानीणबाई रागावल्या की मोठमोठे बोलके गप्प होतात. बडबड्या खेळाडूला शत्रू करू नका. त्याला निरोप्या करा, खाली बुरुजावर पाठवा, तिथे तो एकटा भरपूर बोलेल आणि तोवर वर बाकीचे मोकळे होतील.

ब्रिटन कशाला? आंग्र्यांच्या आरमारावर का नको?

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि मोह मलाही होतो. शब्द, मीठ, किल्ला, धनी, सगळं इथलंच आहे. कुलाब्याला तर भरतीचा किल्ला जसाच्या तसा बसतो. अडचण वेगळी. कान्होजी आंग्रे 1729 साली गेले, पण त्यांच्याबद्दल आजही माणसं हळवी आहेत. जीएमने त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलं की अर्ध टेबल खेळ सोडून इतिहासात शिरतं, आणि महाराजांबद्दल तर बोलायलाच नको. चार तासांच्या खेळात ते आवरत नाही. करायचंच असेल तर किल्लेदार बिननावाचा, खाडी बिननावाची, साल सांगायचं नाही. मोठी नावं क्षितिजापलीकडे राहू द्या.

कुठला स्लॉट मागू?

दुपारचा. मुंबईहून सकाळच्या गाडीने येणारे स्टेशनवर उतरून, कुवारबावहून शहरात पोचून, आंघोळ-चहा करेपर्यंत सकाळचा स्लॉट अर्धा गेलेला असतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, तेव्हा आणखी उशीर धरा. रात्रीचा स्लॉट विनोदी खेळांना ठेवा. गणपती आणि शिमगा सोडून तारखा का धरतो, हे चाकरमान्यांना विचारायला नको.

दुपारचा स्लॉट म्हणजे जेवणावर टेबल. झोपा काढतील.

म्हणून शपथविधी उभ्याने. मासे खाऊन आलेला माणूस उभा राहिला की जागा होतो. आणि सोलकढीचा पेला टेबलावर आणू देऊ नका, कार्डावरचा डाग जात नाही.

हॉलमध्ये काय त्रास होतो?

दमट हवेत साधा कागद तासाभरात मऊ पडतो, पेन्सिल उमटत नाही. कार्डं लॅमिनेट करा आणि खडूपेनने लिहा. पंख्याखाली कागद उडतात, म्हणून चार समुद्राचे गोटे आणा, इथे फुकट मिळतात. वीज गेली तर खेळ थांबवायचा नाही. या आख्यानात तर मध्यरात्रीच जायला हवी.

वीस बाजूंचे फासे मिळाले नाहीत तर?

मेळाव्याच्या टेबलावर जादा असतात. तेही संपले तर नाणी वापरा. स्टॅफर्ड यांचाच 1989 चा प्रिन्स व्हॅलियंट हा खेळ नाण्यांवर चालतो: पात्राचा मूळ गुण आणि कौशल्य यांची बेरीज जितकी तितकी नाणी उडवायची आणि किती छापे पडले ते मोजायचे. मुलांच्या टेबलाला मी मुद्दाम तोच देतो.

नियमावलीची पानं झेरॉक्स करून वाटू का?

नको. नियमांचा सारांश स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहा. तसाही सारांशच वाचतात.

साडेतीन तास झाले आणि शेवट दिसत नाही.

मणी शेवटच्या खुणेवर ठेवा आणि सांगा, वाट उघडली, किनाऱ्यावरून मशाली निघाल्या. मग प्रत्येकाकडून एकच वाक्य घ्या: तू कुठे उभा आहेस? दारात, फरारी नाइटाशेजारी, की खाली वाटेवर. उत्तरं आली की एक-एक फासा आणि शेवट. इथे नवा प्रसंग काढू नका, कुणी नवी कल्पना काढली तरी "छान" म्हणून पुढे जा.

शेवटी कीर्तीचे गुण द्यायचे?

द्या, आणि मोठ्याने वाचा. एकाच खेळानंतर त्यांचा उपयोग शून्य, पण आपल्या नाइटाची कीर्ती चारचौघांत ऐकायला सगळ्यांनाच आवडतं. अर्लशी शब्द मोडणाऱ्यालाही द्या. कीर्ती वेगळी आणि इमान वेगळं.

पात्राचं कार्ड घरी नेता येतं?

कागदी प्रत न्या. लॅमिनेट केलेलं परत करा, दुसऱ्या दिवशीच्या टेबलाला लागतं.